पुराच्या रेघेपर्यंत हात

गणपतीच्या आधी आमच्या गावकीची सभा भरते. देवळाच्या सभामंडपात सतरंजी, पुढे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला चिटणीस, आणि भिंतीला पाठ लावून आम्ही सगळे. त्या वर्षी ठराव होता, देवळावर नवे पत्रे घालण्याचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा, असं अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांचे हात वर गेले. माझा उजवा हात कानापर्यंत गेला आणि थांबला.

मी त्याला मनातल्या मनात आणखी वर जायला सांगितलं. तो गेला नाही. चिटणीसाने माझ्याकडे बघितलं, थोडी वाट पाहिली आणि मला तटस्थांत धरलं. देवळाच्या पत्र्यांबाबत तटस्थ राहिलेला आमच्या गावातला मी पहिलाच माणूस. पुढे बरेच दिवस लोक विचारत होते, की माझा पत्र्यांना विरोध आहे की कौलांचा आग्रह आहे. मी म्हणायचो, विचार चाललाय. हात वर जात नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

ते सांगणं अवघड का होतं, यासाठी आमची पालखी समजून घ्यावी लागेल. आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. शिमग्याला देवीची पालखी होळीच्या माळावर येते आणि ढोल-सनईवर नाचवली जाते. पालखीला एकच लांब दांडी. पुढे एक माणूस, मागे एक. आधी ती खांद्यावर नाचते. मग शेवटी ढोलाची गत बदलली की दोघांनी दांडी तळहातांवर घ्यायची, हात सरळ डोक्यावर ताणायचे आणि देवीला आभाळात धरून नाचायचं, वाजवणारे थांबेपर्यंत. वाजवणारे आमचेच असल्यामुळे ते लवकर थांबत नाहीत.

पुढच्या दांडीचा मान आमच्या घराचा. आजोबांनी धरली, वडिलांनी धरली, मग मी. नियम एकच. ज्याला पालखी हातावर घेता येत नाही, त्याचा मान भाऊकीतल्या पुढच्या घराला जातो. आणि आमच्याकडे म्हणतात, गेलेला बांध आणि गेलेला मान परत येत नाय.

पुढचं घर माझ्या चुलत भावाचं. तो मुंबईला असतो, माझ्याहून बराच लहान, आणि जिमला जातो. त्याचे दंड असे, की शर्टाच्या बाह्या शिंप्याने कापड चोरून शिवल्यासारख्या दिसतात. त्याने मान कधी मागितला नाही. दर शिमग्याला मी पालखी हातावर घेतली की तो अगदी जवळ येऊन हाताची घडी घालून उभा राहायचा, एवढंच. मागितला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

तर हात कानाशी थांबला, आणि शिमगा यायचा होता.

आधी घरचे उपाय झाले. निर्गुडीचा पाला गरम करून शेकलं. तेल चोळलं. मग मीच ठरवलं, की हा हात कष्टाने थकलाय, याला आराम द्यावा. बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि भातकापणीचा सगळा हंगाम तसाच फिरलो. बाहेर सांगितलं, विंचू चावला. आराम हाताला इतका मानवला, की झोळी काढली तेव्हा तो कानापर्यंतही जाईना. शर्ट घालायला बायकोला हाक मारावी लागे. ती शर्ट घालताना म्हणायची, "लग्नात सुद्धा एवढा नटवला नव्हता तुम्हाला."

शेवटी तीच मला पोलादपुरात डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात पुढे, बाजूला, मागे करून बघितला, आणि मग खांद्याचं सोडून माझ्या रक्तातली साखर तपासायला लावली. साखर भरपूर निघाली. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, आणि साखर असलेल्यांचा खांदा असा आखडायचा संभव जास्त. मला आश्चर्य वाटलं. साखर पोटात जाते, खांद्यात कशी चढली? पण माझ्या शरीरात गावकीसारखंच चालत असणार. भांडण एका घरात, बहिष्कार दुसऱ्या घरावर.

मी गोळी मागितली. साखरेसाठी गोळी मिळाली. खांद्यासाठी ते म्हणाले, व्यायाम. महाडला फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा. मला थोडं लागलं. मी म्हटलं, डॉक्टर, मी शेतकरी माणूस, जन्मभर व्यायामच करतोय.

"नांगरणी कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"पॉवर टिलरवाला."

"आणि तुम्ही?"

मी बांधावर उभा राहून त्याला कुठे वळायचं ते सांगतो, हे मी सांगितलं. कोणत्या हाताने, असं त्यांनी विचारलं. उजव्या. आता आवाजानेच सांगतो, हे बायकोने सांगितलं.

महाडला जायचं ठरलं, पण गावात काय सांगायचं? पोलादपूरहून एसटीने किंवा मिनिडोअरने महाड गाठायला वेळ लागत नाही. पण आठवड्यातून दोनदा जायचं, तर कोणी ना कोणी विचारणार. खांद्याची बातमी फुटली, की ती संध्याकाळपर्यंत मुंबईला भावाच्या फोनवर जाणार. तेव्हा मी एक युक्ती केली, आणि तिचा मला बरेच दिवस अभिमान होता. महाडला कोर्ट आहे. आमच्याकडे कोर्टात तारीख नसलेलं घर म्हणजे जमीन नसलेलं घर. मी सांगायला लागलो, महाडला तारीख आहे.

हे उत्तर इतकं पक्कं निघालं, की पुढे कोणी काही विचारलंच नाही. तारखेबद्दल जास्त विचारणाऱ्याला साक्षीदार म्हणून जावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. मी आत सातबारे असल्यासारखी फुगलेली कापडी पिशवी काखेत मारून निघायचो. आत टॉवेल असायचा.

मॅडमचा दवाखाना महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, तळमजल्यावर. मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. पहिल्या दिवशी तिने मला बनियनवर उभं केलं आणि म्हणाली, "काका, हात वर करा."

"वरच आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि मला भिंतीकडे नेलं. त्या भिंतीवर मोठ्या पुराची रेघ होती. सावित्रीचं पाणी जिथपर्यंत चढलं होतं, तिथे आडवा तपकिरी डाग. मालकाने वरून दोनदा रंग मारला, पण डाग पुन्हा वर येतो. शेवटी मॅडमने तो पुसायचा नाद सोडला आणि पेशंटच्या कामाला लावला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, दुखऱ्या हाताची दोन बोटं भिंतीवर ठेवायची आणि खेकड्यासारखी वर वर चालवत न्यायची. खांदा उचलून फसवायचं नाही, टाचा उचलायच्या नाहीत. हात सरळ होऊन बोटं रेघेला लागली, की हात सुटला.

मी तिला पालखीचं सांगितलं. ती महाडचीच असल्यामुळे तिला पालखी हातावर घेणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, रेघेला हात लागल्याशिवाय दांडी हातावर घ्यायची नाही. आणि खांदा आणि साखर ही एका दावणीची जनावरं आहेत, एकाला चारून दुसरं उपाशी ठेवता येणार नाही. तेव्हा रोज चालायलाही पाहिजे. मी विचारलं, शिमग्यापर्यंत होईल? ती म्हणाली, तुम्ही घरी किती करता त्यावर आहे.

तिथे माझ्याबरोबर दासगावची एक म्हातारी असायची. तिचे गुडघे. ती पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती दाबत बसायची आणि माझ्याकडे लक्ष ठेवायची. बोटं भिंतीवर अडली आणि मी कण्हलो, की ती म्हणायची, "काय रे, कण्हतोस का गाणा म्हणतोस? गाणा असंल तर जोरात म्हण, सगल्यांला ऐकू येऊ दे." मी टाचा उचलल्या की मॅडमच्या आधी तिला दिसायचं. "गो बाय, ह्यो बघ उडायला लागला."

घरी करायचे व्यायाम तीन होते. एक, कमरेत वाकून चांगल्या हाताने कशाचा तरी आधार घ्यायचा, दुखऱ्या हातात पाण्याचा तांब्या लोंबता धरायचा आणि हात लोलकासारखा गोल फिरवायचा. दोन, भिंत. तीन, आढ्यावरून दोरी टाकून तिची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि चांगल्या हाताने खाली ओढत दुखऱ्या हाताला हळूहळू वर न्यायचं.

तांब्याचा व्यायाम घरात करता येईना, कारण ओसरीवर कायम कोणीतरी बसलेलं. म्हणून मी पहाटे चालायला जायचो तेव्हा शेताच्या बांधावर करायचो. तिथे एका आंब्याचं खोड बरोबर माझ्या कमरेइतक्या उंचीवर फुटलेलं आहे, आधाराला उत्तम. आंबा भावाचा आहे हे माझ्या मनात तेव्हा आलं नाही. वाकलो, खोड धरलं, तांब्या फिरवला, तोंडाने फेरे मोजले. पाणी थोडं सांडायचं, आंब्याच्याच मुळात.

हे शेजाऱ्याने बघितलं. त्याने मला काही विचारलं नाही. त्याने मुंबईला फोन केला. माझ्या भावाला पहिली बातमी मिळाली होती, की मी महाडला तारखांना जातोय. आमच्या दोघांची जमीन अजून एकत्र आहे, वाटले ते फक्त आंबे, त्यामुळे त्याने मी वाटणीचा दावा लावला असं धरलं. आता दुसरी मिळाली, की मी रोज पहाटे त्याच्या आंब्याच्या मुळात काहीतरी पुटपुटत पाणी उतरवतो. दिवसा दावा आणि पहाटे करणी. एवढ्या पद्धतशीर माणसाची मलाही भीती वाटली असती.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दोरीच्या व्यायामात होतो, आणि तिथे माझ्या आयुष्यातली एक विशेष चूक घडली.

माघ महिना आला होता. हात कानाच्या वर चार बोटं गेला होता. शिमगा जवळ आलेला. मी गोठ्यात आढ्याच्या वाशावरून दावं टाकलं होतं आणि मॅडमने सांगितल्याप्रमाणे डाव्या हाताने ओढून उजवा वर न्यायचो. करता करता माझ्या लक्षात आलं, की डावा हात उगाच थकतोय. दुखणं उजव्याचं आणि कष्ट डाव्याला. एक हात दुसऱ्याची दया करतो, म्हणून प्रगती होत नाही, असं माझं निदान झालं. दुसरं टोक कोणीतरी निःपक्षपाती ओढायला हवं. गोठ्यात म्हशीचं रेडकू बांधलेलं होतं. लहानच होतं, पण अंगाने भरलेलं. मी ते खुंट्यावरून सोडलं, दाव्याचं दुसरं टोक त्याच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलं आणि माझं टोक मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलं. मग त्याला हळूच चुचकारलं. ते दोन पावलं गेलं, माझा हात थोडा वर गेला. थांबलं, हात थांबला. मला वाटलं, हे मॅडमला सांगायला हवं. बाकीच्या पेशंटनाही उपयोग होईल.

त्याच वेळी आमच्या हिने रेडकाला पाजायला म्हणून म्हैस पलीकडच्या दारातून आत आणली.

रेडकू आईकडे गेलं. शिमग्याला जिथवर हात जाईल अशी मॅडमची अपेक्षा होती, तिथे तो माघातच गेला, एका क्षणात. पुढच्या क्षणी तो अपेक्षेच्याही पुढे गेला. बायकोने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी टाचांवर नव्हतो, चवड्यांवर होतो, आणि रेडकू शांतपणे दूध पीत होतं. ती आधी म्हशीला बाजूला करायला गेली. "पिऊ दे त्याला," मी म्हणालो, "तोपर्यंत हलणार तरी नाही." तिने विळ्याने दावं कापलं. चांगलं दावं होतं, असं ती अजून म्हणते.

त्यानंतर किती दिवस झोप नव्हती ते सांगत नाही. महाडला गेलो तेव्हा हात पुन्हा कानाच्या खाली आला होता. मॅडमने खांदा दाबून बघितला आणि विचारलं, कोणी ओढला? मी म्हणालो, घरातल्याच एकाने. त्यांना सांगा असं करू नका, म्हणाली. मी म्हणालो, त्याला सांगून उपयोग नाही, लहान आहे. मग सगळं सांगावं लागलं. दासगावच्या म्हातारीने टॉवेलची वळकटी दाबायची थांबवली. पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि तिचे खांदे हलत होते. तिचे खांदे चांगले मोकळे होते.

मॅडम मात्र हसली नाही. तिने शेक दिला आणि सरळ सांगितलं, आता काही दिवस ओढाताण नाही, फक्त लोंबता हात. शिमग्याचं मी विचारलंच नाही.

पुढच्या खेपेला भाऊ आला. तो मुंबईहून थेट महाडला उतरला होता. कोर्टात जाऊन त्याने चौकशी केली, तर आमच्या नावाचा दावाच नाही. त्याने त्याचा संशय वाढला. दावा नसताना जो माणूस तारखांना येतो, तो काहीतरी फारच खोल करत असणार. त्याने कोर्टाबाहेर एक वकील गाठला. दोघं टपरीवर चहा घेत होते, तेवढ्यात मी काखेत पिशवी मारून गल्लीत वळताना त्यांना दिसलो.

मी बनियनवर, भिंतीला नाक लावून, बोटं चालवत होतो. मागून आवाज आला, "दादा, काय करतोस हे?"

इतक्या दिवसांच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, "तारीख आहे."

काळा कोट घातलेला वकील आणि माझा भाऊ दारात उभे. मग म्हातारीच म्हणाली, "अरे, पुराला शिवतो हाय तो. रोज जरा जरा. रेडकानी मागं आणला, न्हायतर शिवला असता."

भाऊ खुर्चीवर बसला. मॅडमने त्याला खांद्याचं सगळं समजावून सांगितलं. साखर, आखडणं, भिंत, रेडकू. तो रेडकाशी दोनदा थांबला आणि पुन्हा सांगायला लावलं. वकीलसाहेब निघायच्या ऐवजी तिथेच घुटमळले. त्यांची मान बरेच दिवस धरली होती, ती त्यांनी दाखवून घेतली.

सगळं ऐकून झाल्यावर भावाने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "पालखी मला हवी होती, दादा. लहान होतो तेव्हापासून. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, मग मिळेल आता.

"अशी नको. गाव म्हणेल, मी करणी केली."

"करणी मी करतोय, असं तूच म्हणत होतास ना?"

"तेच तर. म्हणतील दोघांनी केली, ह्याची जोरात बसली."

मग त्याने जे मी विचारत नव्हतो, ते मॅडमला विचारलं. शिमग्याला हात वर जाईल का?

"नाही," ती म्हणाली. "आणि या वर्षी ओढून ताणून उचलला, तर पुढच्या शिमग्यालाही जाणार नाही. हा सोडा. पुढच्याचं आपण बघू."

आम्ही दोघं एकाच एसटीने परत आलो. त्याने माझी पिशवी घेतली. आत काय आहे ते त्याने उघडून बघितलं, टॉवेल दिसला, पुन्हा बंद केली.

शिमग्याच्या आधीच्या सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं, की मी कोर्टात जात नव्हतो. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "दुसऱ्या शनवारी कोरट बंद असता. तू दुसऱ्या शनवारीपन तारखेला जायचास." म्हणजे गावाला ते पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मग मी कुठे जातो असं तुम्हाला वाटलं, असं मी विचारलं. सगळे छताकडे बघायला लागले. नवे पत्रे चांगले बसले होते. घरी आल्यावर बायकोने सांगितलं, की गेले काही महिने विहिरीवरच्या बाया तिच्याशी फार मायेने बोलत होत्या, आणि तिने त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केली नव्हती. कोणी ना कोणी हंडा उचलून देत होती.

सभेत मानावर मात्र वाद झाला. नियम म्हणजे नियम. गेलेला मान परत येत नाय. म्हाताऱ्यांनी जुनी उदाहरणं काढली. मी खाली मान घालून बसलो होतो. मग भाऊ उठला. "मान गेला नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीला दिलाय. दुरुस्त झाला की घरी."

दुरुस्त झाला हे ओळखायचं कसं, असं कोणीतरी विचारलं. भावाने खिशातून सुतळी काढली. महाडच्या दवाखान्यातल्या पुराच्या रेघेची जमिनीपासूनची उंची तो सुतळीला गाठ मारून घेऊन आला होता. कधी मापली, मला माहीत नाही. मी पाठमोरा शर्ट घालत असेन. सभामंडपाच्या भिंतीवर त्याच उंचीला गेरूने रेघ मारली गेली. पुढच्या शिमग्याच्या सभेत, सगळ्यांसमोर, टाचा न उचलता, सरळ हाताने माझी बोटं त्या रेघेला लागली, तर मान आमच्या घरी. नाही लागली, तर कायमचा त्याच्या. ठराव झाला. हात वर करायला सांगितलं तेव्हा मी डावा केला.

सुतळी मापताना ओली होती की कोरडी, याबद्दल मला अजून शंका आहे.

त्या शिमग्याला पुढची दांडी भावाने धरली. मला देवीवर धरायची छत्री दिली, डाव्या हातात. ढोलाची गत बदलली, त्याने पालखी हातावर घेतली, आणि मला एक गोष्ट कळली, की इतकी वर्षं मी पालखी नाचवली, पण बघितली कधीच नव्हती. दांडीखालच्या माणसाला माळाची माती दिसते आणि स्वतःचे पाय. आता ती वर, माडाच्या उंचीला गेल्यासारखी, आणि झिरमिळ्या उडतायत, आणि बाया हात जोडून उभ्या. मी छत्री धरायची विसरलो. देवीवर ऊन आलं तेव्हा गुरवाने मला कोपराने ढोसलं.

भावाचे दंड उत्तम होते, पाय मात्र चुकत होते. डावा पाय आधी पडायला हवा, तो उजवा टाकत होता, आणि मागच्या दांडीचा माणूस शिव्या घालत होता. मी बाजूने चालत त्याला सांगत राहिलो, डावा, डावा, आता वळ. आवाजानेच. पॉवर टिलरवाल्याची आठवण झाली.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे भिंत. घरच्या भिंतीपेक्षा देवळातली बरी, कारण रेघ तिथे होती, आणि आता लपवायचंही काही नव्हतं. लपवण्यासारखं नसलं की किती माणसं मदत करतात, याची मला कल्पना नव्हती. देवळात येणारा प्रत्येक जण आधी देवीकडे बघायचा, मग भिंतीकडे. "टाच बघ त्याची." "काल जास्त गेला होता." "बोट नखासकट धरायचा का नखाशिवाय?" नखावर अध्यक्षांनी निर्णय दिला, की नखं कापून यायचं. काही म्हाताऱ्यांनी सहज म्हणून आपले हात भिंतीवर चालवून बघितले आणि तेही अडले. दोघंजण पुढे माझ्याबरोबर महाडला यायला लागले. आता आमच्या गावात फिजिओथेरपीला तारीखच म्हणतात. ज्याला खरी तारीख असते तो कोर्टाची तारीख म्हणतो.

पावसाळ्यात हात एका जागी अडला तो अडलाच. लावणी झाली, भात गुडघ्याला आलं, बोटं होती तिथेच. मला वाटलं, सोडून द्यावं. छत्रीसुद्धा मानाची असते. मॅडमला म्हणालो, भिंत तीच, बोटं तीच. ती म्हणाली, "आखडायला किती महिने दिलेत काका? सुटायलाही द्या." म्हातारीचे गुडघे तोवर बरेच सुधारले होते, ती दासगावच्या बाजारात चालत जाऊन यायची, पण तरी महिन्यातून एकदा यायची. गुडघ्यासाठी येते म्हणायची. माझ्या मागच्या पलंगावर बसून ती विचारायची, "रेडकू कसा हाय?" मी सांगायचो, वाढतंय. "मग तूपन वाढ," म्हणायची.

गणपतीनंतर हात एका सकाळी पुढे सरकला. का, ते माहीत नाही. चालणं सुरूच होतं, साखर खाली आली होती, बायकोने चहातली साखर बंद करून माझ्याशी बोलण्यातलीही कमी केली होती. मग थंडीत आणखी थोडा. पाठ खाजवता यायला लागली, ती मी पहिल्या दिवशी गरजेपेक्षा जास्त खाजवली. शिमग्याच्या सभेआधी महाडच्या भिंतीवर बोटं रेघेला लागली. पण ती महाडची भिंत होती. देवळातल्या रेघेपासून बोटं अजून बोटभर खाली राहत होती, म्हणूनच मी सुतळीबद्दल बोलतो.

सभेच्या दिवशी भाऊ मुंबईहून आला होता. सगळे बसले. मी नखं कापून गेलो होतो. भिंतीशी उभा राहिलो, बोटं ठेवली आणि चालवायला लागलो. एरवी भिंतीला पाठ लावून बसणारी माणसं पुढे सरकली. कानाशी आलो, कानाच्या वर गेलो, हात सरळ झाला, आणि रेघ बोटभर वर राहिली. मी थांबलो. श्वास सोडला. मॅडम म्हणायची, श्वास सोडताना जातो. आत्ता गेला नाही.

भाऊ मागून आला. मला वाटलं टाचा बघायला आला. त्याने माझ्या खांद्यावर तळवा ठेवला, अगदी मॅडम ठेवते तसा, खांदा वर सरकू नये म्हणून, आणि हळूच म्हणाला, "डावा पाय पुढे घे, दादा. भिंतीला चिकट."

मी डावा पाय पुढे घेतला. भिंतीला चिकटलो. मधलं बोट गेरूला लागलं. लाल झालं.

अध्यक्षांनी बोट तपासलं आणि मान्य केलं. कोणीतरी मागून म्हणालं, की त्यानेच पाय पुढे घ्यायला सांगितला, हे नियमात बसतं का? भाऊ म्हणाला, गेल्या वर्षी त्याने मला डावा पाय सांगितला होता, फिटंफाट झाली. मग तो हाताची घडी घालून आपल्या जागेवर जाऊन बसला, दर शिमग्याला उभा राहायचा तसाच, फक्त बसून.

त्या शिमग्याला पालखी मी हातावर घेतली. वाजवणारे लवकर थांबले नाहीत. भाऊ छत्री घेऊन शेजारी होता, आणि देवीवर एकदाही ऊन आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमला फोन करून सांगितलं. तिला बरं वाटलं. व्यायाम बंद करू नका, म्हणाली, आणि साखरेवर लक्ष ठेवा. एक खांदा सुटला की काहींचा पुढे दुसरा धरतो. मी म्हणालो, बरं. गेल्या आठवड्यापासून डावा हात शर्टाच्या बाहीत शिरताना जरा अडतोय. ही गोष्ट मी गावकीत अजून सांगितलेली नाही.